चार बोटं म्हणजे किती

बाबा, तुमचं धुणं मी शेवटी मोडायला घेतलं. भंगारात घालायला नाही, एवढी काही मी वाया गेलेली नाही, नव्यानं घडवायला. तुमच्या लेखी दोन्ही सारखंच झालं असतं म्हणा. तुम्ही केलेल्या वस्तूकडे कुणी जरा जास्त वेळ पाहत राहिलं तरी तुमचा प्रश्न ठरलेला असायचा, "काहून, काई कमी हाये काय याच्यात?" आणि विचारताना हातोडी अशी धरायचात की समोरचा "काही नाही, काही नाही" म्हणत निघून जायचा. आता तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. कमी काय आहे ते मला बिनधास्त सांगता येतं. गेले सात महिने सांगतेच आहे, कारखान्यात, मोठ्यानं, तुमच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहून. माझ्याकडच्या बाया हसतात आणि ताईचं आज परत भांडण लागलं म्हणतात. पण एक गोष्ट तशी मोठ्यानं सांगता येईना, म्हणून लिहायला बसले आहे.

उन्हाळ्यात तुम्ही कूलर करायचात. मंगरूळपीरला बसस्टँडवरून आत येणाऱ्या रस्त्यावर तुमचं पत्र्याचं दुकान. दुकान कसलं, दोन भिंतींमधली बोळ आणि वर आडवा टाकलेला पत्रा. होळीपासून पुढे तीन महिने तुम्हाला जेवायला फुरसत नसायची आणि उन्हाळा सरला की दुकानाकडे कुणी फिरकायचं नाही. माय मात्र वर्षभर बाजार समितीच्या आवारात धान्याच्या चाळणीवर जायची. दसऱ्यानंतर सोयाबीन यायला लागलं की आवारात ढिगाला ढीग लागायचे, ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर, आणि त्या सगळ्याच्या मधोमध चाळण्या हलवणाऱ्या बाया. कुटाराचा, त्या बारीक भुशाचा, पिवळट फुफाटा दिवसभर हवेत तसाच राहायचा. संध्याकाळी माय घरी यायची तेव्हा तिच्या भुवया म्हाताऱ्या बाईसारख्या झालेल्या असायच्या. एकदा भाकरी थापता थापता तिला खोकल्याची अशी उबळ आली की ती चुलीपासून उठून मागच्या दारी जाऊन बसली. तव्यावरची भाकर करपली. मी तेव्हा नववीत. उलथायला धावले, तर तुम्ही मला थांबवलंत, ती काळी भाकर स्वतःच्या ताटात घेतलीत आणि ठेच्याबरोबर सगळी खाल्लीत. खाताना तुमचं लक्ष ताटाकडे नव्हतं, मागच्या दाराकडे होतं. हात धुताना म्हणालात, "कूलर हवा थंडी करते. तं मंग हवा धुवाले काय होते त्याले?"

मग तुम्ही कूलर उलटा केलात. घराच्या खिडकीला लागणारा डबा बाहेर उघड्या आवारात आणून उभा केलात. माणसाएवढा उंच पत्र्याचा ड्रम, अंगाला चारी बाजूंनी उभ्या फटी, फटींच्या मागे वाळ्याच्या ओल्या ताट्या, खाली चिखल साचायला पसरट तसराळं आणि वर पंखा. फटींतून फुफाटा आत ओढायचा, ओल्या ताटीवर बसवायचा आणि उरलेली हवा चाळणीवर बसलेल्या बायांच्या अंगावर सोडायची. तुम्ही त्याला यंत्र वगैरे म्हटलं नाहीत. धुणं म्हणालात. आवारात ते बसवलं त्या दिवशी सगळ्यांना चेष्टेला विषय मिळाला. "बाहेरची हवा कोन धुते गा? उद्या आभायाले साबन लावतं काय?" तुम्ही नळी सोडून ताट्या भिजवत राहिलात. संध्याकाळी माय घरी आली, दारातच उभी राहून पदर झटकला, पुन्हा झटकला, आणि तुमच्याकडे न पाहता म्हणाली, "आज पदराले कमी बसला." तेवढ्यावर तुम्ही आठ दिवस शीळ वाजवत फिरत होतात.

त्या धुण्याचा सगळा जीव फटीत होता, हे मला फार नंतर, शिकल्यावर कळलं. तुम्हाला ते न शिकता माहीत होतं. फट अरुंद झाली तर हवा शिट्टी मारत घुसते आणि ताटीतलं पाणी उडवून बायांच्या अंगावर फेकते. रुंद झाली तर हवा सुस्तावते, ताटीला घासून जात नाही, फुफाटा या बाजूनं शिरून त्या बाजूनं जसाच्या तसा बाहेर. मधलं नेमकं माप तुम्ही कुठे लिहिलेलं नव्हतं, ते तुमच्या हातात होतं. उजव्या हाताची चार बोटं जोडायची, त्यांची टोकं फटीत घालायची, आत जाऊन अलगद अडकली की पत्रा तिथं ठोकायचा. मला तुम्ही स्टीलची पट्टी दिली होतीत, आठवते? वाशिमला पत्रा आणायला गेला होतात, येताना ती कागदात गुंडाळून आणलीत आणि "घे, तुले इंजिनेर व्हाचं हाये ना, मंग हे आपल्यापाशी ठेव," म्हणून माझ्या दप्तरावर टाकलीत. आपल्याकडे भेट देणं म्हणजे अशी वस्तू टाकून पुढे जाणं. धुणं घडत असताना मी वही घेऊन शेजारी बसायची. तुम्ही सांगायचात, "लिही, चार बोटं." मी लिहायची, आणि तुमचा हात निघाला की गुपचूप पट्टी लावून बाजूला मिलिमीटर लिहून ठेवायची. एकदा तुम्ही पकडलंत. "माह्या बोटायवर भरोसा नाई काय वं तुले?" म्हणालात. रागावला नव्हतात, मजा वाटली होती तुम्हाला.

पाच वर्षांत तुम्ही सहा धुणी केलीत. एकेकाला आठ-दहा दिवस लागायचे, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही. आता माझ्याकडे काम आलं आहे ते वेगळं. जिल्ह्यातल्या आवारांसाठी आणि आवाराला लागून असलेल्या काही शाळांच्या भिंतींबाहेर अशी यंत्रं पाहिजेत, पुष्कळ पाहिजेत आणि सोयाबीन यायच्या आत पाहिजेत. तुमच्या पद्धतीनं केली असती तर माझी निवृत्ती झाली असती. म्हणून मी एकेक गोष्ट काढत गेले. गोल ड्रम काढला, कारण गोल वळवायला हात लागतो. त्याऐवजी चार सारखे पत्रे, कड दुमडलेले, एकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसते. रिवेट काढले, वेल्डिंग काढलं. सगळे बोल्ट एकाच मापाचे केले, म्हणजे एकच पाना पुरतो, आणि तो पाना यंत्रालाच साखळीनं बांधून टाकला, कारण आवारातला पाना दुसऱ्या दिवशी कुठे असतो ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही पायासाठी खड्डा खणून काँक्रीट ओतायचात आणि मग तीन दिवस त्याला पाणी मारत बसायचात. मी खाली लोखंडी चौकट दिली, तिच्या कप्प्यांत मुरमानं भरलेली पोती ठेवायची, झालं. ताट्या ड्रॉवरसारख्या ओढून काढता येतात. सगळं चपटं बांधून ट्रॉलीत दहा-दहा यंत्रं जातात आणि दोन बाया सकाळच्या वेळात एक उभं करतात. मला त्याचा अभिमान आहे, आणि प्रत्येक गोष्ट काढताना आधी तुमच्या स्टुलाकडे पाहून घेत होते हेही खरं आहे. माझ्याकडे एक फिटर आहेत, तरुणपणी तुमच्या हाताखाली कूलर ठोकलेले. ते एक दिवस नव्या यंत्राला फेरी मारून आले आणि म्हणाले, "ताई, मिस्त्रीचं काईच नाई राह्यलं आता याच्यात." मी म्हटलं, "राहिलं आहे की. फट."

ती फट ठेवायचीच होती, तिच्याइतकी चांगली मला सुचलीही नव्हती. पण आता पत्रा हातानं कापायचा नव्हता. प्रेसवर डाय लावायची, एका दणक्यात फट पाडायची, आणि डाय एकदा केली की ती बदलत नाही. शेकडो पत्र्यांना तीच फट पडत राहणार. डाय करणाऱ्याला चार बोटं सांगून चालत नाही. त्याला आकडा पाहिजे. मी ट्रंकेतून ती जुनी वही काढली. सहा धुणी, सहा ओळी. प्रत्येक ओळीत मोठ्या अक्षरात चार बोटं, आणि शेजारी माझे चोरटे मिलिमीटर. मंगरूळपीरच्या पहिल्या धुण्याची फट शहात्तर. त्यानंतरची दोन सत्त्याहत्तर, चौथी एकोणऐंशी, पाचवी एक्याऐंशी आणि जऊळक्याची, शेवटची, चौऱ्याऐंशी. मी काय केलं असेन सांगा. सरासरी काढली. शिकलेली माणसं अशा वेळी हेच करतात. एकोणऐंशी आली, आणि मी तसा नमुना करून अनसिंगच्या आवारात चाचणीला उभा केला. मनातल्या मनात तुम्हाला नावंही ठेवली, की बाबा, माणूस एक, बोटं चार, आणि मापं इतकी वेगळी कशी?

खरं तर हा प्रश्न मी तुम्हाला जिवंतपणी विचारला होता, आणि मनातल्या मनात नाही. मी बारावी करून अमरावतीला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते, दिवाळीला घरी आले होते. जऊळक्याहून निरोप आला की नवीन धुणं फुफाटा उलट अंगावर फेकतं. आपण दोघं गेलो. भर हर्रासाची, लिलावाची वेळ, व्यापारी, अडते, शेतकरी, सगळे जमलेले. ताट्या ठीक होत्या, पंखा ठीक होता. मी बॅगेतून पट्टी काढली, तुम्ही दिलेलीच, आणि फटीला लावली. चौऱ्याऐंशी. मला तो क्षण चांगला आठवतो, कारण मी स्वतःला फार हुशार वाटले होते. मी वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाबा, आठ मिलिमीटर जास्त आहे. तुम्हाला आता चार बोटंही मोजता येत नाहीत का?" तुम्ही तुमचा उजवा हात समोर धरलात. उलटा केलात, सुलटा केलात. मग म्हणालात, "बोटं तं चारच हायेत वं." लोक हसले. तुम्हीही हसलात. परत येताना एसटीत तुम्ही खिडकीशी बसलात आणि हात मांडीखाली घालून ठेवला होतात, मला वाटलं थंडीनं. त्यानंतर तुम्ही धुणं केलं नाहीत. कूलर केलेत, पण खुणा दुसऱ्याकडून करून घ्यायचात, फिटर सांगतात, म्हणायचात की माह्या मापाचा भरोसा नाई आता. पुढच्या वर्षी पोळ्याच्या आठ दिवस आधी तुम्ही गेलात. अकोल्याला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, फुप्फुसं आकसून घट्ट झाली आहेत, हे बरीच वर्षं चाललेलं दिसतं. माय रडत म्हणाली होती, खोकायची तं मी, ह्यायले कसं झालं. प्रत्येक धुणं बसवल्यावर तुम्ही दिवसदिवस त्याच्या शेजारी ऐन फुफाट्यात उभे राहायचात, किती ओढते ते पाहायला, हे तेव्हा आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

अनसिंगची चाचणी बिघडली. एकोणऐंशीची फट धड शिट्टीही मारत नव्हती आणि धड फुफाटाही धरत नव्हती; तुमचं चौथंही असंच चालत असणार, पण तक्रार कुणी केली नव्हती. चाळणीवरच्या एका मावशीनं पदर झटकून मला दाखवला आणि तोंडावर सांगितलं, "कायले आनलं वं हे? उगाच घुंघुं करते." हंगाम तोंडावर आलेला, डाय करणारा रोज फोन करून आकडा मागत होता. त्याच दिवशी आवारात तपासणीचं शिबिर होतं, चाळणीवरच्या बाया आणि हमाल रांगेत उभे. डॉक्टरीणबाई तरुण होती, माझ्याच यंत्राच्या शेजारी टेबल टाकून बसली होती. त्या मावशीची छाती ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "आता दोन्ही हातांची पहिली बोटं वाकवा आणि नखाला नख लावा, पाठीला पाठ. मधे फट दिसते का सांगा." मावशीनं नखं जोडून हात उजेडाकडे धरला. दोन नखांच्या मधे शंकरपाळ्याच्या आकाराची बारीक फट होती, तिच्यातून पलीकडचं ऊन दिसत होतं. "दिसते," मावशी म्हणाली. "मग चांगलं आहे. फुप्फुसाचा जुना आजार असला की बोटांची टोकं हळूहळू जाड होत जातात, नखं फुगतात आणि ही फट बुजते. पुष्कळदा माणसाला दम लागायच्या आधी बोटं सांगतात."

मी पाना हातात घेऊन वाकलेली होते, तशीच राहिले. मग तिच्याजवळ जाऊन विचारलं, "जाड होतात म्हणजे किती?" ती म्हणाली, "तसं कुणी मोजत नाही हो. बघितल्यावर कळतं." मी म्हटलं, "मी मोजली आहेत." तिला काही कळलं नाही, आणि कळायचं कारणही नव्हतं. मी मागे पोत्यांच्या थप्पीवर जाऊन बसले आणि पिशवीतून वही काढली. शहात्तर, सत्त्याहत्तर, सत्त्याहत्तर, एकोणऐंशी, एक्याऐंशी, चौऱ्याऐंशी. तुमचं माप कधीच चुकलं नव्हतं, बाबा. सहाच्या सहा वेळा चार बोटं, अचूक. पाच वर्षांत तुम्ही आतून कसे संपत गेलात त्याचा हिशेब माझ्याच अक्षरात, माझ्याच वहीत होता, आणि मी तो ट्रंकेत घालून ठेवला होता. वर त्याची सरासरी काढली. तुमचा बरा हात आणि तुमचा आजारी हात एकत्र करून दोनानं भागल्यासारखं केलं. मला तिथं बसल्याबसल्या हुंदका फुटला. मावशी उठून आली, आपल्या बाटलीतलं पाणी माझ्या हातात दिलं आणि उभी राहिली. मी तिला एवढंच म्हणू शकले की मी फट मोजत राहिले, बोटांकडे पाहिलंच नाही. ती म्हणाली, "पी पानी अगुदर."

डॉक्टरीणबाईला मी नंतर विचारलंच, तेव्हा कळलं असतं तर? तिनं मला फसवलं नाही. म्हणाली, काही वर्षं मिळाली असती कदाचित, कदाचित नसतीही. फुफाट्यात उभं राहणं बंद केलं असतं तर जरा बरं गेलं असतं. या "कदाचित"नं मला गेले काही आठवडे खाऊन टाकलं आहे. मायला सांगायचं की नाही हेच ठरत नव्हतं. ती माझ्याकडेच असते आता, खोकते अजून, पण ठणठणीत आहे. शेवटी एका दुपारी ती भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती तेव्हा सांगितलं, सगळं, आकड्यांसकट. तिचे हात थांबले नाहीत. सोलता सोलताच म्हणाली, "त्या वर्षी त्यायच्या सदऱ्याच्या गुंड्या मीच लावून द्यायची. गुंडी धरताच येत नव्हती त्यायले. मले वाटलं, म्हातारपनी लाड करून घेऊन राह्यले." मग पुढची शेंग उचलत, "मी हासायची वं." तिला पन्नाशीतल्या माणसाला म्हातारा म्हणताना ऐकून मला गलबलून आलं. आम्ही दोघींनी त्या सगळ्या शेंगा सोलल्या.

डायला मी शहात्तर सांगितलं. तुमच्या बऱ्या हाताचं, त्या करपलेल्या भाकरीच्या वर्षीचं माप. पहिला पत्रा प्रेसमधून निघाला तेव्हा फिटर पुढे आले, आपली चार बोटं फटीत घालून पाहिली आणि म्हणाले, "माही ढिली जातात. मिस्त्रीचा हात मोठा होता." मग मी घालून पाहिली, माझी तर हलत होती. दसऱ्याच्या आधी अनसिंगला तीन यंत्रं उभी राहिली, मागाहून मंगरूळपीरला, मग जऊळक्याला. जऊळक्याला मी स्वतः गेले नाही, बायांना पाठवलं; त्यांना सांगितलं कारखान्यात काम आहे. अनसिंगच्या त्याच मावशीनं बसवताना पाना सगळ्यांत आधी हातात घेतला आणि आता ताट्या तीच बदलते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. शिट्टी वाजत नाही. फुफाटा तसराळ्यात उतरतो, संध्याकाळी त्याचा चिखल काढून त्या बाया उकिरड्यावर टाकतात. यंत्राच्या कागदावर प्रत्येक मापापुढे ते का घेतलं ते लिहायचा रकाना असतो. शहात्तरपुढचा रकाना मी बरेच दिवस रिकामा ठेवला होता. परवा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हे कुठून आलं? मी म्हटलं, चाचणीतून. कागदावरही तेच लिहिलं.

हे पत्र पाठवायला पत्ता असता तर मी ते इथेच संपवलं असतं. माझी चूक झाली, मी अजाण होते, आता दुरुस्त केलं, असं वाचून तुम्ही मला माफही करून टाकलं असतंत, तुम्हाला त्याची सवयच होती. पण ते कुठे जायचं नाही, म्हणून राहिलेलं लिहिते. बोटांकडे पाहिलंच नाही, हे मावशीला मी खोटं सांगितलं. जऊळक्याला जायच्या आदल्या दिवशी दुपारी तुम्ही नेलकटर घेऊन माझ्यासमोर बसला होतात. "नखं काढून दे वं, मले जमून नाई राह्यलं," म्हणालात. मी तुमचा हात मांडीवर घेतला. नखं चिंचोक्यासारखी फुगून गोल झालेली होती, नेलकटर त्यांच्यावर बसेचना, आणि बोटांची टोकं माझ्या दुप्पट. मी विचारलं, "बाबा, बोटं अशी काय झालीत?" तुम्ही म्हणालात, "काम करून करून." मी दहाही नखं काढून दिली. म्हणजे दुसऱ्या दिवशी पट्टीवर चौऱ्याऐंशी वाचलं तेव्हा कारण मला त्याच क्षणी कळलं होतं, की माप चुकलं नाही, बोटं जाड झाली आहेत. आजार कळला नव्हता, पण एवढं कळलं होतं. तेवढं म्हणाले असते तर कुणीतरी हात पाहिला असता. पण व्यापारी बघत होते आणि मला हुशार दिसायचं होतं. तुम्ही हात उलटासुलटा करून "बोटं तं चारच हायेत" म्हणालात, तेव्हा लोक हसले असं मी वर लिहिलं आहे. लोक नंतर हसले, बाबा. आधी मी हसले होते.